पितळेचं दीपगृह

एके काळी हेमलताताईंच्या टेबलावर बॅटरीवर फिरणारं घासायचं मशीन आणि सोल्डरिंगची कांडी शेजारी राहत. ताई भाचीसाठी पितळेचं छोटंसं दीपगृह बनवत होत्या. संध्याकाळी तिचा वाढदिवस होता.

“तुला नुसतं खरवडता येतं. जोडते ती मी!” कांडी तोऱ्यात मशीनला म्हणाली.

पण काळवंडलेल्या पितळेवर तिचं वितळलेलं, सांधा जोडणारं कथील धरेना, गोळ्या होऊन घरंगळलं. ताईंचा चेहरा उतरलेला पाहून कांडी ओशाळली. “एवढी जागा घासून देतोस का रे?”

मशीन आनंदाने गरगरलं. पितळ उजळलं, कथील पसरलं, सांधा पक्का बसला. संध्याकाळी भाचीसमोर दीपगृहात दिवा लागला.

“मावशी, कुणी केलं हे?” भाचीने विचारलं.

“आम्ही तिघांनी,” ताई म्हणाल्या, आणि टेबलावरची दोघं अभिमानाने फुलून गेली.