काळा पाहुणा

एका माळावरच्या बोरीखाली सातभाई पक्ष्यांचा थवा राहायचा. एकाने पहारा करायचा आणि त्याने हाक दिली की सगळ्यांनी झुडपात शिरायचं, अशी त्यांची रीत.

त्या दिवशी पहारा भुरकीचा होता. समोर एक अनोळखी कोतवाल पक्षी येऊन बसला, काळाकुळकुळीत. कावळ्याने अंडी पळवल्यापासून काळं पीस दिसलं की ती चोरच समजायची.

"ताई, झुडपात बघा!" तो ओरडला.

"मेल्या, माझ्या पिल्लांवर डोळा ठेवतोस?" म्हणत भुरकीने हाक दिली. पिल्लं झुडपात पळाली.

आतून एकच किंकाळी उठली आणि थांबली. पाचोळ्यातून फुगल्या पोटाची धामण सरकत निघाली.

तो सातभाईंसारखाच मातकट रंग भुरकीने सकाळीच झुडपात पाहिला होता. आपल्यातलंच कुणी असेल, असं तिला वाटलं होतं.