ओट्याखालचं बीळ

"दर्शनाला नाही, तर मग कशाला आलीये ती, बाबा?"

यशोधरची छाती अभिमानानं फुगली होती. त्यानं बांधलेल्या नव्या ओट्याभोवती घोणस फिरत होती. पुन्हा पुन्हा एकाच दगडापाशी येऊन थांबत होती.

त्याचे गुरू सखानाथबाबा आजच परगावाहून मठात परतले होते.

मठामागच्या पाणथळीत आता ही एकच घोणस उरली होती. उन्हाळ्यात ती वरच्या माळावर करवंदीच्या जाळीत असायची, पावसाळ्यात पाण्याकाठच्या गवतात. थंडी पडली की मात्र बांधातल्या त्याच एका बिळात शिरायची, ती थेट ऊन तापल्यावर बाहेर यायची. यशोधरनं गेल्या हिवाळ्यात हे पाहिलं आणि त्याची भक्ती उतू गेली. यंदा ती गवतात असताना त्यानं बांधावर ओटा रचला, फरशी घातली, वर पाच फण्यांचा दगडी नाग बसवला.

"बीळ कुठाय?" बाबांनी विचारलं.

"बरोब्बर नागोबाच्या खाली. जागा जराही चुकू दिली नाही मी!"

"अरे मूर्खा!" बाबा कडाडले. "उघड्यावर गारठून मरेल ती. पहार आण."

"बाबा, प्राणप्रतिष्ठा झालीये…"

"पहार!"

"नाही आणणार! जागृत स्थान आहे हे. तुमच्यामागे मी एकट्यानं उभं केलंय. तुम्हाला बघवत नाही, असं सरळ म्हणा ना!"

बाबा वळले. पडवीतून स्वतःच पहार घेऊन आले.

पहिल्या दणक्याला घोणस गवतात सरकली. दुसऱ्या दणक्याला नाग दुभंगला. मग फरशी फुटली, सिमेंट उचकटलं आणि खाली काळं भोक दिसलं.

यशोधर धावला. संतापानं त्याला रडू फुटलं. नागाचा तुकडा पोटाशी धरून तो त्या भोकावरच बसला.

"देव फोडलात तुम्ही! आणि गुरू म्हणवता स्वतःला?"

बाबांनी पहारीनं फरशीचे तुकडे बाजूला सारले.

"आता मी नमस्कार कुणाला करू? सांगा, कुणाला?"

गवतातून घोणस परतली होती. त्याच्या पुढ्यात वेटोळं घालून ती कुकरसारखी फुत्कारत होती.

बाबांनी पहार खाली टाकली.

"नमस्कार राहू दे," ते म्हणाले. "वाटेतून ऊठ."