इरकलीचा राग

घरातल्या वस्तू माणसांची पाठ वळली की भांडत बसत, त्या काळची गोष्ट. एका ट्रंकेत इरकल नावाचं जुनं सुती लुगडं राहायचं. घरची लेक बाळंतपणाला माहेरी आली होती, आणि बाळाचं दुपटं आपलंच होणार, या एकाच आशेवर इरकल दिवस काढत होती.

एके दुपारी घरच्या शालनकाकूंनी तिला बाहेर काढलं आणि रिकाम्या बाटल्यांशेजारी ठेवलं. त्या सुईदोरा आणायला वळल्या, तशी कात्री खुदकन हसली.

"या बाटल्यांना तुझे झगे शिवायचेत. संक्रांतीचं वाण! टाकाऊतून टिकाऊ."

"टाकाऊ कुणाला म्हणतेस गं, भवाने?" इरकल कडाडली. "उभा जन्म धुऊन धुऊन मऊ झाले मी. बाटलीला काय थंडी वाजते?"

"म्हातारपणी तोंड फार सुटलंय," म्हणत कात्रीने जबडा वासला.

काकू कापायला बसल्या. इरकल रागाने अंग सैल सोडून पडली. ते मऊ कापड कात्रीच्या पात्यांत नुसतं दुमडून अडकायला लागलं. काकूंनी वैतागून ते ओढून काढलं, आणि हात तिथेच थांबला. त्यांनी ते गालाला लावून पाहिलं.

"अगं बाई, हे तर बाळाला हवं!"

टोचणारे जाड काठ तेवढे कात्रीने कचाकच कापले. बाटल्यांना तेच शोभले.

बारशाच्या दिवशी कात्रीने पाळण्यातल्या दुपट्याला विचारलं, "आता तरी राग गेला का, आजीबाई?"

"मुळीच नाही," इरकल फणकारली. "पण हळू बोल. बाळ झोपलंय."