अध्यक्षांच्या चित्राला दाढी

"मुजावरबाईंनी अध्यक्षांच्या तोंडाला फासलं..." एवढंच जिन्यात ऐकू आलं आणि बोलणाऱ्या दोघी दार लावून आत गेल्या. काय फासलं ते कळेपर्यंत मला चैन पडेना. मुजावरबाई म्हणजे आमच्या समोरची यास्मिन, शाळेत चित्रकला शिकवते. मी वाटी घेऊन तिच्या दारात उभी राहिले.

"काकू, साखर कालच नेलीत की!" ती हसली, पण सगळं सांगितलं.

शाळेची नवी इमारत व्हायची होती. अध्यक्ष हुपरीकरांनी नकाशातली एक भिंत खोडली. चित्रकला आणि सुतारकाम एकाच खोलीत घातलं की त्यांची केबिन ऐसपैस होणार होती. यास्मिननं हरकत घेतली तर म्हणाले, "बाई, चित्रं हातानं काढतात. शेजारी करवत चालली म्हणून काय बिघडतं?"

"मग तुमचंच तैलचित्र सुतारकामाच्या वर्गात काढते, सर."

अध्यक्ष फेटा बांधून आले आणि दाराशी वाऱ्याला बसले. यास्मिनच्या मागे सुतारकामाचे सर यंत्रावर सागवान कापत होते. तासाभरानं सगळ्या संचालकांसमोर अध्यक्षांनी चित्र पाहिलं आणि ओरडले, "अहो, मला दाढी कुठं आहे?"

ओल्या रंगावर भुसा चिकटला होता.

"मी नाही काढली, सर. तुमच्या नकाशानं काढली. भिंत असती तर गुळगुळीत राहिला असतात."

संचालक खो खो हसले आणि भिंत त्याच दिवशी नकाशात परत आली.

म्हणजे फासलं गेलं हे खरं, पण चित्रातल्या तोंडाला, आणि तेही करवतीनं. हे त्या दोघींना सांगायला मी वाटी तिथंच टाकून पळाले.