हलगीवरच्या रेघा

“मग चूक कुणाची म्हणायची?” हिंदुराव वस्तादांनी विचारलं.

“मशीनची,” धैर्यशील म्हणाला.

“बरं.”

वस्ताद तालमीच्या ओट्यावर मांडी घालून बसले होते आणि समोर धैर्यशीलचा लॅपटॉप उघडा होता. त्याचं झाकण उघडतानाही पोराचा हात कापला होता. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, म्हणतात ते असं.

पण भ्यायला कारण होतं.

मर्दानी खेळाला हलगी लागते. वस्तादांची बोटं आता आखडली होती, म्हणून त्यांनी पूर्वी वाजवलेली हलगी धैर्यशीलने रेकॉर्डिंगवरून घेतली आणि तिच्या जोडीला मशीनचा ढोल बसवला. लग्नांत, मिरवणुकांत त्याचा डीजे गाजत होता. एक हलगी ती काय मोठी, असं त्याला वाटलं होतं.

खेळ असा, की तालमीतली मंजिरी डोळे बांधून दांडपट्टा फिरवते. इरफान तिच्याभोवती फिरत येतो, सातव्या ठोक्याला गुडघा टेकतो आणि तळहातावरचं लिंबू तिच्यापुढे धरतो. आठव्याला पातं येतं आणि लिंबाच्या दोन फाका होतात.

सरावात ढोल हलगीच्या पुढे पळाला. मंजिरी ढोलावर होती, इरफान हलगीवर. त्याचा हात अजून सरकत होता तोच पातं आलं.

अंगठ्याच्या मुळाशी टाके पडले. थोडं अलीकडे असतं तर अंगठाच गेला असता.

आता रविवारी लोकांपुढे खेळ होता. हाताला पट्टी बांधलेला इरफान बाहेर कट्ट्यावर बसला होता. “तू मशीन नीट कर,” तो सकाळीच म्हणाला होता, “माझा डावा हात हाय की अजून.” हे तो हसत हसत म्हणाला आणि धैर्यशील तसाच लॅपटॉप घेऊन वस्तादांकडे आला.

“मशीन चुकतं कसं, सांग बघू,” वस्ताद म्हणाले.

“ते गाणं ऐकतंय, वस्ताद. लय वळखतंय. मग ठोक्याठोक्याला उभी रेघ मारतंय. ह्या बघा. ढोल ह्या रेघांवर वाजतोय.”

“मग?”

“तुमची हलगी मधी जरा रेंगाळतीया. मशीननं पयलीच लय धरली आणि शेवटापत्तूर सारख्या रेघा मारल्या. तितनं पुढं सगळ्या रेघा हातानं सरकवाय लागतात.”

“सरकव की मग.”

धैर्यशीलने माऊस धरला आणि सोडला. पुन्हा धरला. ही रेघ की ती? केसभर इकडे गेली तर इरफानचा हात, केसभर तिकडे गेली तरी इरफानचाच हात.

“माझा कानच गेलाय, वस्ताद. कायबी खरं वाटत न्हाई.”

“हलगी कुणाची हाय?”

“तुमची.”

“मग मी टाळी देतो. माझ्या टाळीवर मार रेघ.”

धैर्यशीलच्या डोक्यावरचा धोंडा उतरला. वस्तादांची हलगी आणि वस्तादांचीच टाळी. आता जे होईल ते त्यांच्या हातून होईल.

हलगी सुरू झाली. वस्तादांनी डोळे मिटले आणि टाळी द्यायला सुरुवात केली.

टाळी... रेघ. टाळी... रेघ.

मध्यावर आल्यावर त्याच्या कानाला काहीतरी खुपलं. टाळी हलगीच्या आधी पडत होती. अगदी जराशीच, पण आधी.

त्याने वस्तादांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. चेहरा शांत होता.

म्हातारा चुकतोय... की आपणच चुकतोय? ज्याने उभ्या जन्मात हलगी खाली ठेवली नाही त्याला सांगायचं, तुमची टाळी चुकली म्हणून? कोणत्या तोंडाने?

टाळी... रेघ. टाळी... रेघ.

“झालं?” वस्तादांनी डोळे उघडले.

“झालं.”

“बरोबर?”

“तुमच्या टाळीवर हाय, वस्ताद.”

“मी ते न्हाई इचारलं.”

“...बरोबर.”

वस्ताद उठले. “मंजिरी,” त्यांनी हाक मारली, “पट्टा घिऊन ये. डोळं बांध.”

मंजिरी आली. तिने ओढणी डोळ्यांवर घट्ट बांधली आणि हौद्यातल्या लाल मातीत पाय रोवले. समोर कोण असणार हे तिने विचारलं नाही. आवाज चालू तोवर पातं चालू, आवाज थांबला की पातं थांबलं, एवढंच या तालमीत पहिल्या दिवशी शिकवतात आणि तिला तेवढं पुरे होतं.

वस्तादांनी कोनाड्यातलं लिंबू घेतलं. इरफानला हाक मारतील म्हणून धैर्यशील दाराकडे पाहू लागला.

त्यांनी लिंबू स्वतःच्या तळहातावर ठेवलं.

“वस्ताद...”

“लाव.”

“वस्ताद, तुमचा गुडघा... तुमी कशाला...”

“बरोबर हाय म्हणालास न्हवं? लाव.”

त्याने बटण दाबलं. भिंतीजवळच्या स्पीकरमधून हलगी कडाडली आणि तिच्या जोडीने ढोल. पातं सळसळत हवेत फिरू लागलं. म्हातारा वाकलेल्या पाठीने मंजिरीभोवती फिरत होता.

पहिली आवर्तनं जुळून गेली. मग हलगी रेंगाळली.

आणि ढोल पुढे गेला.

केसभर. मग बोटभर. मंजिरीचं पाऊल आता ढोलावर पडत होतं आणि वस्तादांचं हलगीवर. ते थांबत का नाहीत? त्यांना ऐकू येत नाही?

चार. वस्ताद वळले.

पाच.

सहा. गुडघा वाकू लागला. हात पुढे येऊ लागला...

धैर्यशीलने स्पीकरची वायर खेचून काढली.

तालीम गप्प झाली. पातं मंजिरीच्या डोक्यावर जिथल्या तिथे थांबलं होतं आणि त्याचं टोक अजून थरथरत होतं. वस्तादांचा हात तिच्यापुढे अर्ध्यावर होता.

“चुकलंय,” धैर्यशील म्हणाला. “ढोल पुढं पळतोय. रेघा चुकल्यात.”

“मशीन काय म्हणतंय?”

“मशीन म्हणतंय, बरोबर हाय.”

“मी?”

“तुमी... तुमचीबी टाळी चुकली हुती.”

“कवा कळलं?”

“टाळी देतानाच.”

वस्तादांनी मान हलवली. ते सावकाश सरळ झाले आणि त्याच्या अगदी जवळ येऊन उभे राहिले.

“आणि इरफानच्या वेळंला?”

धैर्यशील जमिनीकडे बघत राहिला. मंजिरीने डोळ्यांवरची ओढणी सोडली आणि तीही त्याच्याकडे पाहू लागली. बाहेर कट्ट्यावर इरफान कुणाशी तरी हसून बोलत होता. ते हसणं आत स्पष्ट ऐकू येत होतं.

“...तवाबी कळलं हुतं,” तो म्हणाला. “ढोल पुढं जाया लागला तवाच. पर रेघा बरोबर दिसत हुत्या. वाटलं, बंद केलं आणि आपलंच चुकलं तर समदी हसतील.”



मग वस्तादांनी त्याचा हात धरला. त्यावर त्यांनी लिंबू ठेवलं आणि त्याची बोटं मिटवली.

“भाईर जा,” ते म्हणाले. “आत्ता मला सांगितलंस ते इरफानला सांग... आणि मग त्यालाच इचार, रविवारी लिंबू धरतोस का म्हणून.”