घंटेची दोरी

“म्हणजे कामं कमी करू म्हणता?”

तरुण पाळक सुहास भिंगारदिवे जरा चढ्या आवाजातच बोलले. दोन वर्षांपूर्वी ते बोरगव्हाणच्या ख्रिस्ती मंडळीत आले, आणि तेव्हापासून त्यांनी खुर्चीला पाठ टेकवली नव्हती. बत्तीस घरांच्या मंडळीत एकोणीस समित्या. शिवणाची, भजनाची, आरोग्याची… एक समिती तर बाकीच्या अठरांवर लक्ष ठेवायला होती. प्रत्येकीच्या बैठकीला चर्चची तीच घंटा वाजायची.

आणि गेल्या रविवारी उपासनेला सात माणसं आली होती.

निवृत्त पाळक येसूदासबाबा कसबे चर्चच्या आवारात, लिंबाखाली स्टुलावर बसून शेंगा फोडत होते. ते स्टूल घरून उचलून आणायची त्यांची जुनी सवय.

“तुम्हीसुद्धा आला नाहीत, बाबा.”

“घंटा ऐकली की. मला वाटलं, आरोग्य समिती.”

सुहासना हसू आलं नाही. त्यांच्या खिशात बदलीचा अर्ज होता. येत्या रविवारी हंगामाची उपासना. घरोघरच्या नव्या पिकाची पहिली टोपली त्या दिवशी वेदीपुढे ठेवायची. तेव्हाही बाकं रिकामी राहिली, तर अर्ज पाठवून मोकळं व्हायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

“वाजव बघू घंटा,” बाबा म्हणाले.

सुहासनी दोरी ओढली. घंटा साऱ्या वस्तीला ऐकू गेली.

…

कुंपणावरून फक्त शेजारच्या मार्थाबाई डोकावल्या. हात खरकटे.

“आज कुणाची पाळी वो, पाळकसाहेब? शिवणाची आसंल तर मी न्हाई त्यात.”

आणि त्या भांड्यांकडे परतल्या. बाबांना इतकं हसू फुटलं की शेंगदाणा घशात अडकला.

सुहास मात्र रडवेले झाले. “यातलं वाईट काम कोणतं, तेवढं सांगा. आजच बंद करतो.”

“एकही वाईट नाही.”

“मग?”

“या लोकांना बोलावतोस कशासाठी?”

“उपासना आहे, सेवा आहे, शिवाय तरुणांचं…”

“एका वाक्यात, बाळा.”

सुहास बोटांवर समित्या मोजायला लागले.

बाबा उठले. स्टूल घंटेखाली सरकवलं.

“चढ. तुझा हात पोचेल. दोरी वरच्या तुळईला गुंडाळून टाक.”

वडीलधाऱ्यांचा शब्द, म्हणून सुहास चढले. गुंडाळून खाली उतरतात तोच बाबांनी स्टूल काखेत मारलं आणि घराकडे निघाले.

“बाबा! रविवारी घंटा कशी वाजवू?”

“वाक्य घेऊन ये. स्टूल माझ्याकडेच आहे.”

गुरुवारी सुहास दोन पानं लिहून घेऊन गेले.

“हे वाचेपर्यंत सुगी संपेल,” बाबा म्हणाले.

शुक्रवारी पाच ओळी नेल्या. बाबांनी चष्मा न लावताच कागद परत केला.

शनिवारी ते बाबांकडे गेलेच नाहीत. समित्यांच्या वह्या कपाटात ठेवल्या आणि मोकळ्या हातांनी वस्तीत हिंडले. मार्थाबाईंच्या घरात शिरले. त्यांचा नवरा आठ महिने अंथरुणाला खिळलेला.

“साहेब, तुम्ही आत आलात… पहिल्यांदाच!” तो म्हणाला. तक्रार नव्हती त्यात, आनंदच होता. त्यानंच सुहासना जास्त लागलं. त्या घरावरून दोन वर्षं ते रोज धावतपळत गेले होते. ते खाटेपाशी बसले, प्रार्थना केली, दोनदा चहा प्याले आणि अंधार पडायला लागल्यावर उठले.

रविवारी सकाळी ते बाबांच्या दारात उभे राहिले. हातात कागद नव्हता.

“बोल.”

“प्रभूपासून आणि एकमेकांपासून कुणी लांब राहू नये, म्हणून बोलावतो.”

 

बाबांनी पायानं स्टूल पुढे सरकवलं.

“जा, वाजव. मी सदरा बदलून आलोच.”