पावणेतीन फुटांचे साहेब

खाडीकाठचं कांदळवन तोडून तिथे जेटी बांधायची, असं कंपनीनं ठरवलं होतं. त्या रानात कार्बन किती साठलाय ते मोजायला कंपनीनंच डॉक्टर रांगणेकरांना पाठवलं. वाट दाखवायला आणि त्यांची वही धरायला यमुना कोयंडे होती. याच रानात कालवं काढण्यात तिची हयात गेली होती.

साहेबांनी पन्नासेक बुंध्यांना टेप लावला आणि नाक मुरडलं. "नुसती काटकुळी झुडपं! कार्बन नगण्य. खुशाल तोडा."

"आणि खालच्या चिकलाचा काय?" यमुनानं विचारलं. "शेकडो वर्सांचो पालो, मुळां, सगळा थंयच मुरलेला आसा."

"बाई, शास्त्र मला शिकवू नका. चिखलाच्या वर दिसतं तेवढंच मोजायचं."

"बरा. चलताना मुळांवर पाय ठेवा, सायबानू."

साहेबांनी तेही ऐकलं नाही. चार पावलांत ते कमरेपर्यंत रुतले आणि हातातला टेप यमुनाच्या पायाशी येऊन पडला.

"अहो, ओढा मला!"

यमुनानं शांतपणे टेप उचलला, चिखलापासून त्यांच्या टाळूपर्यंत धरला आणि काखेतली वही उघडून मोठ्यानं बोलत लिहिलं, "सायबांची उंची पावणेतीन फूट."

"काहीतरीच काय! अर्धा मी खाली चिखलात आहे!"

"आमचा रान पण तसाच आसा," असं म्हणून यमुनानं वही त्यांच्यापुढे धरली. "ता आधी लिवा. मगे हात देतंय."